टँपाचं वादळ, गावभागातली रात्र

“आता किती?”

त्या चार दिवसांत बाबांनी हे मला कितीदा विचारलं याची गणती नाही. सांगलीच्या गावभागातल्या माणसानं पावसाळ्यात “किती” म्हटलं की पुढं काही बोलावं लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट, एवढंच असतं ते. पण हा २०२४ चा ऑक्टोबर होता, घट बसले होते, कृष्णा आपल्या पात्रात होती. बाबा विचारत होते मेक्सिकोच्या आखातातल्या मिल्टन वादळाचं. मिल्टनच्या वाटेवर अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं टँपा शहर होतं, आणि टँपात माझा नवरा आणि नऊ वर्षांची लेक.

मी बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी एकटीच आले होते. मिरजेला ऑपरेशन झालं, काळा चष्मा लागला, टीव्ही आणि मोबाईल काही दिवस बंद. त्यामुळं वाचून दाखवायचं काम माझ्याकडं. मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचं पत्रक दिवसातून चारदा येतं. आपल्या घड्याळानं दुपारी अडीच, रात्री साडेआठ, पहाटे अडीच आणि सकाळी साडेआठ. डोळ्यांतल्या थेंबांच्या आणि पत्रकाच्या वेळा मी एकाच कागदावर लिहून फ्रिजला चिकटवल्या. आई येता-जाता तो कागद वाचायची.

५ ऑक्टोबरला, शनिवारी, वादळाला नाव मिळालं. सोमवारी ७ तारखेला त्याचे वारे ताशी १८० मैलांवर, म्हणजे जवळजवळ २९० किलोमीटरवर गेले. दोन दिवसांत पाचवी, म्हणजे सगळ्यांत वरची श्रेणी. आखाताचं पाणी तापलेलं होतं आणि वादळ त्याच उष्णतेवर पोसतं. मंगळवारच्या पत्रकात आलं की टँपाच्या खाडीत समुद्र १० ते १५ फूट चढू शकतो.

“पंधराच?” बाबांचा जीव भांड्यात पडला. २०१९ ला त्यांनी आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी पाहिलंय. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आकडे त्यांच्या तोंडात रामरक्षेसारखे बसलेत. मी म्हटलं, बाबा, आयर्विनचे फूट पात्रातून मोजत वर येतात, त्यातले पहिले चाळीस तर नदीतच मावतात. हे पंधरा कोरड्या जमिनीपासूनचे. आपल्या अंगणापासून पंधरा. बाबा गप्प झाले. थेंब घालताना त्यांची पापणी थरथरत होती. एक थेंब गालावर ओघळला, दुसरा घालावा लागला.

आता अक्षराबद्दल सांगते, आणि जरा सविस्तर सांगते, कारण घरातलं सगळं भांडण त्यावरूनच झालं. टँपा ज्या हिल्सबरो काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं तिथं समुद्राच्या पाण्याचा धोका किती, त्यावरून वस्त्यांना अक्षरं दिलीत, ए ते ई. सगळ्यांत सखल ते ए. नकाशात पत्ता घातला की तुमचं अक्षर समोर येतं. टँपात घर बघत होतो तेव्हा मी शाळा बघितली आणि नवऱ्यानं अक्षर बघितलं. आमचं घर शहराच्या उत्तरेला, उंचावर. त्याला अक्षरच नाही. वादळ आलं की काउंटी अक्षर सांगून वस्ती रिकामी करायला लावते. मिल्टनच्या वेळी ए आणि बी, शिवाय मोबाईल होममध्ये, म्हणजे हलवता येणाऱ्या हलक्या घरांत, राहणारे सगळे, मग त्यांचं अक्षर कुठलंही असो. बाकीच्यांनी पक्क्या घरात थांबायचं. पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा, असं तिथं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. ज्यांना गरज नाही तेही गाड्या काढून निघाले तर ज्यांना खरंच निघायचंय ते रस्त्यात अडकतात. मला या व्यवस्थेचं फार कौतुक आहे. शेजारी काय करतोय, मागच्या वेळी काय झालं, आपल्याला काय वाटतं, यातलं काही विचारायचं नाही. अक्षर बघायचं.

हे आईला पटेना. टीव्हीवर उत्तरेकडं निघालेल्या गाड्यांच्या रांगा दिसत होत्या, कोरडे पेट्रोल पंप दिसत होते. टँपाच्या महापौर जेन कॅस्टर यांनी तर स्वच्छ सांगून टाकलं होतं की रिकाम्या करायला सांगितलेल्या भागात थांबाल तर मराल. “एवढी महापौर बाई सांगतेय आणि जावई पोरीला घेऊन घरात बसलेत?” आईचा आवाज चढला. आरतीला आलेल्या शेजारच्या काकूही म्हणाल्या, “निघा म्हणावं, घर काय, परत बांधता येतं.” मी अक्षर समजावलं, नकाशा दाखवला. बाबा खुर्चीतून एवढंच म्हणाले, “पाण्याला तुझी अक्षरं वाचता येत नाहीत.”

आणि मी बोलू नये ते बोलले. “२०१९ ला तुम्ही तरी कुठं निघाला होता?”

तेव्हा गल्लीत भोंग्यावरून सांगत फिरत होते, घरं सोडा म्हणून. बाबा म्हणाले होते, २००५ ला तिसऱ्या पायरीवर थांबलं होतं, आता काय वेगळं होणार? पाणी तिसरी पायरी ओलांडून देवघरात आलं, ओट्यावर आलं, आणि दोघंही माडीवर अडकले. चार दिवस फोन नाही. मी टँपात रात्र-रात्र जागून दिसेल त्याला मेसेज करत होते, “आयर्विनला किती?” त्यातच ८ ऑगस्टला ब्रह्मनाळची बोट उलटल्याची बातमी आली. पुरातून सुटायला निघालेली माणसं, बायका-लेकरं बुडाली. ती बातमी वाचल्यावर आई-बाबांनी बोटीत बसावं की माडीवरच थांबावं, काय मागावं देवाकडं, तेच मला कळेना.

मी तेव्हा आले नाही. घरात आजवर त्यावर कुणी बोललेलं नाही. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली होता, येऊन पोचले कुठवर असते? लेक चार वर्षांची होती. पाणी उतरल्यावर मी पैसे पाठवले, दिवाळीत आले, भिंतींना रंग दिला. हे सगळं खरं आहे, आणि हे मी पाच वर्षं स्वतःला सांगत आलेय.

आपल्याकडं काहीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. कुणाच्या दारात किती फुटाला पाणी येतं, हे गावभागातलं पोरगंही सांगेल. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर इथली माणसं आकडा ऐकूनच भांडीकुंडी उचलतात. पाणी उतरल्यावर पूर्वेकडच्या, प्यायच्या पाण्याला तरसणाऱ्या गावांतून आमच्या गल्लीत भाकऱ्या आल्या, कुणाच्या घरच्या हे कुणी विचारलं नाही. टँपात मी इतकी वर्षं राहतेय, माझ्या दारात अशी भाकरी कोण आणेल, मला सांगता येत नाही.

तरी एक सांगते. टँपाच्या खाडीपलीकडच्या सेंट पीटर्सबर्गला खाडीकाठी राहणारं आमच्या ओळखीचं मराठी कुटुंब आहे, घराचं अक्षर ए. २६ सप्टेंबरला हेलीन वादळ अडीचशे-तीनशे किलोमीटरवर उत्तरेला धडकलं तरी त्यांच्या हॉलमध्ये गुडघ्याच्या वर पाणी आलं होतं. भिजलेला सोफा, गाद्या, भिंतींचे फुगलेले तक्ते, सगळं फुटपाथवर ढीग करून ठेवलेलं. सगळ्या गल्लीत तसेच ढीग. २०१९ ला हरभट रोडवर होते, अगदी तसेच, वासही तोच असणार. ते ढीग उचलायच्या आतच मिल्टन निघाला. ती चौघं तीन बॅगा आणि कुकर घेऊन आमच्या घरी आली. आता नवरा घर सोडून जाणार कसा? व्हिडिओ कॉलवर लेकीनं काठोकाठ भरून ठेवलेला बाथटब दाखवला. त्यात तिनं कागदाची होडी सोडली होती.

९ तारखेला संध्याकाळी आई आणि काकू घाटावर जाऊन आल्या. पुरात कृष्णामाईची ओटी भरतात, तशी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. नदीला पूर नसताना का, असं मी विचारलं नाही. आईच म्हणाली, “तिथल्या समुद्राला माझं म्हणणं कोण सांगणार? ही जाते समुद्राला.”

पहाटे अडीचचं पत्रक मी अंधारात मोबाईलवर वाचलं. वादळ तिसऱ्या श्रेणीवर उतरलं होतं आणि रोख थोडा दक्षिणेला, सारासोटाकडं वळला होता. बाबा जागेच होते. मी टीव्ही लावला तर मिल्टन कुठंच नाही. रात्री उशिरा रतन टाटा गेले होते, प्रत्येक चॅनेलवर तेच. बाबा काळ्या चष्म्याआड डोळे मिटून ऐकत राहिले. “भला माणूस गेला,” म्हणाले, आणि थोड्या वेळानं, “आता किती?”

आपल्याकडं सकाळचे सहा वाजत होते, तिथं बुधवारची रात्र, साडेआठ. सारासोटाजवळ सिएस्टा की या बेटावर मिल्टन जमिनीवर चढला. नवऱ्याचा फोन लागला. वीज गेलेली, पलीकडं वाऱ्याचा एकसुरी घोंगाट. “लेक झोपलीय कपाटाच्या खोलीत, गाद्या लावून,” तो म्हणाला. बाबांनी फोन मागून घेतला.

“पाणी किती?”

“पाणी नाहीच, बाबा. खाडी रिकामी होतेय म्हणतात.”

वादळाचा डोळा, म्हणजे मधला भाग, टँपाच्या दक्षिणेला आला होता. उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून त्याच्या उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो. त्या वाऱ्यानं खाडीचं पाणीच बाहेर ओढून नेलं. २०१७ ला इर्माच्या वेळी आणि २०२२ ला इयनच्या वेळीही असंच झालं होतं. बाबांनी क्षणभर विचार केला. “गेलेलं पाणी परत येतं. तळात कुणी उतरू नका म्हणावं.” तिथले अधिकारीही हेच बजावत होते, हे मी नंतर वाचलं.

पंधरा फूट पाणी आमच्या खाडीत आलं नाही. ते सारासोटाकडच्या किनाऱ्यावर चढलं, कमी, पण चढलं. सेंट पीटर्सबर्गला १८ इंचांवर पाऊस झाला, तिथल्या ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉल स्टेडियमचं कापडी छत चिंधड्या होऊन उडालं. आत मदतपथकांसाठी खाटा मांडलेल्या होत्या. पार पूर्व किनाऱ्यावर, वादळाच्या वाटेपासून लांब, चक्रीवावटळींनी सेंट लुसी काउंटीत माणसं मारली. आणि उत्तर टँपात, आमच्या घरापासून फार लांब नाही, पावसाचं पाणी अशा घरांत शिरलं ज्यांना अक्षर नव्हतं. ही बातमी मी बाबांना वाचून दाखवली. गाळून टाकता आली असती, पण वाचली. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी काही बोलायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं.

तरी नवऱ्यानं थांबून चूक केली असं मला आजही वाटत नाही. त्या रात्री आमच्या घरात सहा माणसं कोरडी होती. कुंपणावर ओकचं झाड पडलं, चार दिवस वीज नव्हती, एवढंच.

बाबा पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात आयर्विनचे फूट लिहितात. त्या दिवशी दुपारचे थेंब झाल्यावर त्यांनी मला पेन्सिल दिली आणि ऑक्टोबरच्या पानावर १० तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहायला सांगितलं: टँपा. पाणी मागे. वीज नाही. सहाजण ठीक.

लिहून झाल्यावर म्हणाले, अकराचा चौकोन मोकळा ठेव, उद्याचं कळलं की लिहू.