पांढऱ्या डोळ्यांचे जनुक नेमके काय करते?

परवा टोपलीतला एक मानकुराद आंबा देठापाशी मऊ पडला आणि त्यावर चिलटे जमली. भिंगातून पाहिले, तर त्यांचे इवलेसे डोळे विटकरी लाल दिसले. फोंड्यात बारावीला जीवशास्त्र शिकवताना हीच माशी मी दरवर्षी फळ्यावर काढतो, आणि उत्तरपत्रिकांतले एक वाक्य मला दरवर्षी खटकते: ‘पांढऱ्या डोळ्यांच्या जनुकामुळे डोळ्यांना पांढरा रंग येतो.’

१९१० साली कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. पुढच्या संकरांतून त्यांनी दाखवले ते एवढेच की, बाकी सारे सारखे असताना एक्स गुणसूत्रावरच्या एका बदलामुळे दोन माश्यांच्या डोळ्यांत फरक पडतो. कारण सापडले ते फरकाचे; लाल रंग कसा तयार होतो, हा प्रश्न तसाच राहिला.

हा भेद शब्दच्छल नव्हे. ‘ब्राऊन’ नावाचे जनुक बिघडले की लाल रंगद्रव्य डोळ्यांत साठत नाही आणि तपकिरी तेवढे उरते; म्हणजे ज्याचे नाव तपकिरी, त्याचे काम लाल रंगाशी निगडित आहे. ‘सिनाबार’ बिघडले की तपकिरी जाते आणि डोळे भडक लाल दिसतात. आणि एकाच माशीत दोन्ही बिघडली, तर पांढऱ्या डोळ्यांचे म्हणून प्रसिद्ध असलेले जनुक धडधाकट असूनही डोळे पांढरे होतात! हे उदाहरण मी मुलांना अगदी सावकाश सांगतो, कारण जनुकांची नावे बिघाडावरून पडली आहेत, कामावरून नव्हेत, हे इथे लख्ख दिसते.

तरीही, फरकाचे स्पष्टीकरण म्हणजे नुसता योगायोग टिपणे, असे मी मानत नाही. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर यांच्या संततीत मुली लाल आणि मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे निघतात, कारण आईकडून दोघांनाही एक्स मिळते, पण बापाकडून मुलींना एक्स आणि मुलग्यांना वाय गुणसूत्र मिळते. क्वचित मात्र एखादी मुलगी आईसारखीच निघते. मॉर्गन यांचे शिष्य कॅल्विन ब्रिजेस यांनी हा अपवाद बाजूला सारला नाही. आईची दोन एक्स गुणसूत्रे विलग न होता एकत्रच मुलीकडे गेली असावीत, आणि तसे असेल तर तिच्यात बापाकडचे वाय गुणसूत्रही सापडलेच पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. १९१६ मध्ये त्यांनी सविस्तर पुरावा मांडला: सूक्ष्मदर्शकाखाली अशा माद्यांच्या पेशींत दोन एक्सच्या जोडीला वाय खरोखरच दिसले होते.