मेलास! नाही लागलं!

परवा दुपारी आईनं दिवाणाखालून केरसुणीनं एक निळा खडा ओढून काढला, पदराला पुसला आणि उजेडात धरून बघितला. "शनीचा खडा असा टाकत्यात व्हय रे कुठंबी?"

नीलम नव्हता तो. प्लास्टिकचा फासा होता, वीस तोंडांचा. तसं सांगितल्यावर ती आणखीच धास्तावली. फासा म्हटलं की आमच्या घरात थेट धर्मराजच आठवतो. "पैसे लावता काय?" नाही म्हटलं. "मग हरतंय कोण?" कुणीच नाही, सगळे एकाच बाजूला असतात. "मग जिंकतंय कोण?" तेही कुणी नाही. फासा माझ्या हातावर ठेवून ती म्हणाली, "मग खेळता कशाला?" आणि कुकर लावायला निघून गेली.

आता काय सांगायचं तिला? चांगली चाळिशीला टेकलेली माणसं माडीवर येऊन बसतात. त्यातला एक स्वतःला चोर म्हणवतो, एक जण वैदू. मी त्यांना सांगतो, समोर लाकडी दार आहे, आत कुणीतरी खोकलं. "काय करताय?" एवढं विचारून गप्प बसायचं, हे माझं काम. खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो आणला. त्याआधी ही मंडळी टेबलावर इवलेइवले सैनिक मांडून लढाया खेळायची. मग आख्ख्या फौजेऐवजी एकेकानं एकच माणूस सांभाळायचा असं केलं, आणि नवाच खेळ झाला.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ तसाच बसलो. इवलेइवले सैनिक आम्हीही मांडले होते की!

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या अंगणात दिवाळीचा किल्ला व्हायचा. विटांचे तुकडे, त्यावर भिजवलेलं पोतं, त्यावर तांबडी माती, उतारावर अळीव. चित्रं कुंभार गल्लीतनं आणायची. महाराज सिंहासनावर वर, आणि खाली सगळा गोंधळ, कारण कुठल्याच चित्राचं माप दुसऱ्याला जुळायचं नाही. दरवाज्यावरचे मावळे बोटाएवढे आणि गवळण तटापेक्षा उंच. प्लास्टिकचा एक वाघ होता, तो महादरवाज्यातून आतच जायचा नाही, म्हणून त्याला जंगल दिलेलं. तळ्याला पत्र्याचं झाकण पुरलेलं, त्यात खरं पाणी. थोरल्यांना वाटायचं, किल्ला बघायसाठी असतो. चार दिवस पाहुणे येऊन "छान केलाय हं" म्हणून लाडू खाऊन जायचे. पण दिवे लागले आणि थोरले आत गेले की आमची खरी दिवाळी सुरू व्हायची. प्रत्येकानं आपापला मावळा उचलायचा. माझ्या मावळ्याचा भाला मोडलेला होता, म्हणून तो गुप्तहेर.

आणि मग भांडणं.

"मेलास!"

"नाही लागलं!"

"लागलंय की! बघ की, तटावरनं मारलाय."

"मी वाकलो होतो."

वाकलो होतो! मातीचा मावळा, तो कुठून वाकणार? पण वाकला होता हे मला मनोमन दिसलेलं असायचं. त्यावर निकाल कोण देणार, तर घरमालकाचा थोरला पोरगा. त्याचा मावळा कधीच मेला नाही. कितीही बाण लागोत, तो वाड्याच्या मालकीवर जिवंत राहायचा. शेवटच्या दिवशी किल्ल्यात सुतळी बॉम्ब पुरून सगळंच उडवून द्यायचो, तेव्हा कुठं त्याच्या मावळ्याचा हिशेब चुकता व्हायचा.

वीस तोंडांच्या फाशाचं काम नेमकं हे आहे. तू म्हणतोस वाकलो, बरं, टाक फासा. पडतील त्यात तुझ्या अंगच्या चपळाईचे गुण मिळवायचे आणि ठरलेला आकडा गाठायचा. सोप्या कामाला दहा, मध्यम कामाला पंधरा, अवघड कामाला वीस. गाठलास तर वाकलास. घरमालकाचा पोरगा असो नाहीतर भाडेकरूचा.

अर्थात तो आकडा सांगणारा माणूस मीच असतो, हे खोटं नाही. म्हणून माझा एक हट्ट आहे. खेळ चालवणारे बरेच जण समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतात आणि त्याच्यामागं फासा टाकतात. वाईट पडला तर हळूच बदलतात, गोष्ट बिघडू नये म्हणून. मला ते पटत नाही. आडोशामागं बसलेला प्रत्येक माणूस मला तो थोरला पोरगाच दिसतो. माझ्या माडीवर फासा सतरंजीच्या मधोमध पडतो आणि सगळ्यांनी वाकून बघायचं. (म्हणूनच तो दिवाणाखाली जातो, हेही आलंच.)

याची किंमत पहिल्याच संध्याकाळी पिंट्यानं मोजली. त्याचा उद्यमनगरात कारखाना आहे, बोलणं लोखंडाच्या भावात. खेळात त्यानं तालमीतला पैलवान घेतला होता. लांडग्याच्या बाजूनं मी टाकलेल्या फाशावर सरळ वीस आले, म्हणजे घाव किती मोठा हे ठरवणारे फासे दुप्पट. पैलवान आडवा. आता त्याचं त्यानं टाकायचं, दहा किंवा वर पडले तर धुगधुगी टिकते, तीन वेळा खाली पडले तर संपलं. वैदू दाराच्या पलीकडं अडकलेला. पिंट्यानं टाकले, खाली. टाकले, खाली. तिसऱ्यांदा फासा मुठीत धरून तो इतका वेळ बसला की कुणी चहाच्या कपालाही हात लावला नाही. टाकला, चार आले. "गेला," तो म्हणाला आणि गच्चीत जाऊन उभा राहिला. पुढच्या खेपेला त्याच पैलवानाचा धाकटा भाऊ घेऊन आला. तेच नाव, तीच मिशी.

सुरू करायला फार काही लागत नाही. मूळ नियमांतला मोठा भाग खेळ छापणाऱ्या कंपनीनंच २०२३ च्या जानेवारीत खुल्या परवान्यावर टाकलाय, फुकट मिळतो. चारशेच्या आसपास पानं आहेत. सगळी वाचून सुरू करीन म्हणणारा कधीच सुरू करत नाही. फासा कसा टाकायचा, मार कसा लागतो आणि माणूस मरतो कसा, एवढ्यावर पहिली संध्याकाळ निघते. बाकीचं अडेल तिथं बघायचं.

खेळातली जागा मी पन्हाळ्याची उचलली. डन्जन म्हणजे तळघर, पण आपल्याला इंग्रजी तळघरं कशाला? अंधारबाव आहे की. तीन मजले, तळाला विहीर, मधल्या मजल्यावरनं तटाबाहेर निघायची वाट. शाळेच्या सहलीत तिथला गारवा अंगावर आला होता, तो अजून गेलेला नाही. पण गडाचं नाव बदललं, राजा बदलला. महाराजांना आणि बाजीप्रभूंना खेळात आणायचं नाही, हे बसायच्या आधीच ठरलं. फाशावर घालायची ती माणसं नाहीत. त्यावर कुणी वादही घातला नाही.

तर मी रात्री जागून बावडीचा नकाशा काढला. कुठल्या पायरीवर शेवाळ आहे, विहिरीत काय आहे, सगळं. आणि ही मंडळी गडाच्या दरवाज्यावरच थांबली. पहारेकरी हटकतो एवढंच माझ्या वहीत होतं, "पहारेकरी, एक". अमरच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, त्याला विचारलं, "दादा, नाव काय तुमचं?"

नाव? त्याला नाव नव्हतं. समोर भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर होतं. "गणोजी," मी म्हणालो. गाव कुठलं? पगार वेळेवर होतो काय? रात्रपाळी कायमचीच का? अमर एरवी चारचौघांत तोंड उघडत नाही, शाळेत बोलून बोलून दमलेला असतो. तो चोर होऊन गणोजीशी तंबाखू मळत बसला. नवीन खेळ चालवायला घेणाऱ्यानं नकाशा नाही काढला तरी चालेल, पण नावांचा एक कागद जवळ ठेवावा, पुरुषांची, बायकांची, चारदोन गावांची. खजिना कुठाय हे कुणी विचारत नाही. पहारेकऱ्याचं नाव विचारतात.

त्या रात्री पिंट्याच्या पैलवानानं, म्हणजे धाकट्यानं, कंबरेची सोन्याच्या मोहरांची पिशवी सोडली आणि सगळीच्या सगळी गणोजीला देऊन टाकली. "असू दे," म्हणाला, "पगार झाला नाही त्याचा." पिंट्याच्या कारखान्यात दिवाळीपासून काय चाललंय हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही बोललं नाही. मी वहीत लिहून घेतलं, मोहरा गणोजीकडे.

बावडीत अजून कुणी उतरलेलंच नाही. सुजित पुण्याहून येणार तेव्हाच सगळे जमणार, आणि तो येतो त्या रविवारी त्याच्या घरी मटण असतं. तांबडा-पांढरा ओरपून आलेल्या माणसाला समोर राक्षस उभा केला तरी तो लोडाला टेकूनच लढतो. नाहीतर शाहू स्टेडियमवर मॅच असते, मग तर विषयच संपला. आता जोतिबाची यात्रा झाल्यावर बघू म्हणालेत.

तोवर गणोजीला पोरं किती, हे ठरवून ठेवायला हवं. विचारणार नाहीत बहुतेक.

वहिनी विचारतील.