लीडरची गाठ फेकीच्या वेळी कुठे असते?

ब्रेडेड, म्हणजे धाग्यांनी विणलेल्या दोरीला (ब्रेडला) लीडर, म्हणजे आमिषाआधीचा वेगळ्या दोरीचा तुकडा, जोडायला कोणती गाठ चांगली, यावर गळाचा नाद असलेली माणसे तासन्‌तास वाद घालू शकतात, आणि मीही तो हौसेने घातलेला आहे. कास्टिंग रीळ हाती आल्यापासून मात्र मी गाठीचे नाव विचारण्याआधी एक वेगळाच प्रश्न विचारू लागलो: लुअर, म्हणजे नकली आमिष, फेकण्याच्या क्षणी ती गाठ नेमकी कुठे असणार आहे?

हा प्रश्न मला एका गुंत्याने शिकवला. स्पिनिंग रिळावर मी वर्षानुवर्षे डबल युनी नावाची गाठ बांधत आलो होतो आणि तिने मला कधी दगा दिला नव्हता. तीच गाठ बांधून, अडीच-तीन मीटर लांबीचा लीडर रिळात गुंडाळून घेऊन, कास्टिंग रिळावरून पहिली जोरकस फेक केली तेव्हा ‘टक्’ असा बारीक आवाज आला, लुअर हवेत क्षणभर अडखळले आणि अंगठ्याखाली स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या चक्रीवर, दोरीचा पुंजका फुगून वर आला. नखाने एकेक वेढा उचलत तो सोडवण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

कारण समजायला सोपे आहे. स्पिनिंग रिळात फेकताना स्पूल स्थिर असते आणि दोरी त्याच्या काठावरून नुसती सुटत जाते. गाठ एखाद्या कडीला घासली तर फेक थोडी आखूड पडते, एवढेच. कास्टिंग रिळात स्पूल स्वतः गरगर फिरत असते आणि दोरीला बाहेर पडण्यापूर्वी लेव्हल वाइंडच्या, म्हणजे डावीउजवीकडे सरकणाऱ्या लाइन गाइडच्या, चिंचोळ्या छिद्रातून जावे लागते. तिथे गाठ क्षणभर जरी अडली तरी दोरीचा वेग पडतो, स्पूलचा पडत नाही, आणि जी दोरी बाहेर जाऊ शकत नाही ती आतच सैल होऊन साचते. दाइवा कंपनीच्या काही रिळांत लाइन गाइड टी-आकाराचे असते आणि फेकताना दोरी त्याच्या रुंद भागातून जाते, त्यामुळे त्रास बराच कमी होतो. पण काठीच्या कड्या बारीक असतील तर पुढची लढाई उरतेच.

लीडर लावायचाच नाही, हा पर्याय मला मान्य नाही. ब्रेड पाण्यात दिसते, खडकाला घासली की तिचे धागे चटकन कापले जातात, आणि ती इतकी लिबलिबीत असते की लुअरच्या मागच्या गळांभोवती सहज वेटोळे घालते. शिवाय लीडर ब्रेडपेक्षा कमी ताकदीचा ठेवला, उदाहरणार्थ 30 पौंडी ब्रेडला 20 पौंडी लीडर, तर लुअर खडकात अडकल्यावर दोरी सहसा लुअरजवळ तुटते आणि लांबच लांब ब्रेड पाण्यात सोडून यावी लागत नाही.

तेव्हा लांबीचा हिशेब. लीडर अर्ध्या मीटरच्या आत ठेवला तर फेकताना गाठ काठीच्या टोकाबाहेर लोंबत राहते आणि कोणतीही गाठ चालते. लांब लीडर हवा असेल तर मी तो साधारण काठीएवढा ठेवतो. माझी काठी 7 फुटी, म्हणजे सुमारे 2.1 मीटरची आहे. टोकापासून लाइन गाइडपर्यंतचे अंतर जेमतेम पावणेदोन मीटर भरते, आणि फेकताना लुअर टोकाखाली सुमारे 40 सेंटिमीटर लोंबते. त्यामुळे 2 मीटरचा लीडर घेतला की गाठ लाइन गाइडच्या वीतभर पुढे थांबते, आणि फेकीत तिला फक्त काठीच्या कड्या ओलांडाव्या लागतात. लुअर बदलताना लीडर थोडा थोडा आखूड होत जातो, पण त्याने गाठ लाइन गाइडपासून दूरच सरकते, हे सोयीचे आहे.

याहून लांब लीडर हवाच असेल तर गाठ स्पूलवर जाणार हे गृहीत धरावे, आणि गुंडाळताना ती अंगठ्याखाली येणार नाही अशी स्पूलच्या एका बाजूला बसते का ते पाहावे. तिथे एफजी गाठीला माझ्या मते तोड नाही. डबल युनी आणि अल्बर्टो या दोन्ही गाठींत लीडर दुमडला जातो, म्हणजे जाड दोरीचे दोन पदर आलेच. एफजीमध्ये लीडर सरळच राहतो आणि ब्रेड त्याच्याभोवती विणली जाते. ब्रेड ताणून धरायची, लीडरचे टोक तिच्याभोवती एकदा वरून आणि एकदा खालून न्यायचे, असे वीसेक वेढे झाले की ब्रेडच्या मोकळ्या टोकाने मुख्य ब्रेड आणि लीडर दोन्हींवर अर्ध्या गाठी, म्हणजे एकेरी फास, घालायच्या आणि मग, घाई न करता, थुंकी लावून गाठ आवळायची. खरे काम या आवळण्यातच आहे. ब्रेड पॉलिएथिलिनची, मेणासारखी निसरडी. तिची पकड बसते ती ती लीडरच्या मऊ अंगात रुतली तरच. वेढे नीट रुतले की ब्रेडचा रंग गडद होतो, आणि तो बदल डोळ्यांना दिसेपर्यंत मी ओढणे थांबवत नाही. ओढताना ब्रेड हाताला गुंडाळू नये, ती बोट कापते. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळावी.

लीडरचे उरलेले टोक गाठीलगत कापायचे, पण त्याची दिशा ध्यानात ठेवायची. ते रिळाकडे तोंड करून असते, म्हणजे दोरी गुंडाळताना प्रत्येक कडीला आधी तेच भिडते. म्हणून टोक कापल्यावर नुसत्या ब्रेडवर आणखी चार-पाच अर्ध्या गाठी घालून मी तिथे छोटासा उतार तयार करतो. पूर्वी मी ते टोक लायटरने वितळवून त्याचा गोळाही करत असे, पण एकदा शेजारची ब्रेड करपली आणि मासा लागल्यावरच ते मला कळले. तेव्हापासून लायटर पिशवीत नसतो.

गाठ गेलीच तर ब्रेडचे टोक फेकून देण्यापूर्वी निरखावे. टोक स्प्रिंगसारखे कुरळे झालेले असेल तर गाठ निसटली, म्हणजे आवळण्यात कसूर झाली; टोकाचे धागे पिंजलेले असतील तर ब्रेड घासून किंवा ताणाने तुटली. माझी सुरुवातीची बहुतेक टोके कुरळी होती.

डुलत्या होडीत, ओल्या हातांनी आणि वाऱ्यात एफजी विणण्याचा अट्टहास मी आता सोडला आहे. दोन लीडर घरूनच जोडून, जादा स्पूलसह नेतो, आणि तेही संपले तर अर्ध्या मीटरचा तुकडा घेऊन ब्रेडचे आठ व लीडरचे चार वेढे देऊन डबल युनी बांधतो. ती टोकाच्या कडीच्या दोन बोटे खाली आली की हँडल थांबवायचे, एवढेच मग सांभाळावे लागते.