तुम्ही विचारलंत म्हणून: दोन्ही स्थिर, मग मिळून अस्थिर कसे?

"दोन्ही कंट्रोलर वेगवेगळे तपासले. दोन्ही यंत्राला व्यवस्थित जागेवर आणतात. मग एकाकडून दुसऱ्याकडे ताबा जायला लागला की यंत्र का बिथरतं?"

हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. (कंट्रोलर म्हणजे यंत्राला ठरलेल्या जागी आणून ठेवणारा नियम.) विचारणारा बहुतेक वेळा दमलेला असतो, कारण त्याने आठवडाभर दोन्ही भागांत चूक शोधलेली असते आणि ती सापडलेली नसते. ती सापडणारही नसते, कारण चूक भागांत नाहीच. घोडं पेंड खातं ते अदलाबदलीत. पण हे असं तोंडी सांगून कुणाला पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. म्हणून मी कागद-पेन्सिल पुढे करते.

दोन आकडे घ्या, क्ष आणि य. हे आकडे म्हणजे यंत्राची अवस्था, आणि पुढचे दोन नियम म्हणजे दोन कंट्रोलर समजा. पहिला नियम असा: नवा क्ष म्हणजे जुन्या क्षचा अर्धा अधिक यची दुप्पट, नवा य म्हणजे जुन्याचा अर्धा. दुसरा नियम याचाच आरसा: क्ष अर्धा होतो, आणि नवा य म्हणजे जुन्या यचा अर्धा अधिक क्षची दुप्पट.

सुरुवात दोन्ही आकडे १ धरून करा. फक्त पहिला नियम लावत राहिलात तर क्ष आधी २.५ होतो, मग २.२५, मग १.६२५, मग १.०६२५, आणि पुढे घसरतच जातो. य तर पहिल्यापासून अर्धा-अर्धा होतोय. थोड्या वेळात दोन्ही शून्याला टेकतात. दुसरा नियम एकटा लावला तरी तेच, फक्त क्ष आणि य यांच्या भूमिका उलट. आयगेनमूल्यं, म्हणजे तोच नियम लावत राहिलं तर शेवटी आकडे दर पायरीला किती पट होतात ते सांगणारे आकडे, काढलीत तर दोन्हीकडे ०.५. कुठल्याही परीक्षेत हे दोन्ही नियम 'स्थिर' म्हणून पास होतील.

आता एकदा पहिला, एकदा दुसरा असं करा. (१, १) वरून (२.५, ०.५). तिथून (१.२५, ५.२५). तिथून (११.१२५, २.६२५). तिथून (५.५६२५, २३.५६२५). दर दोन पायऱ्यांना आकडे जवळजवळ साडेचार पट होतात, आणि हे कधी थांबत नाही. एवढं स्वतःच्या हाताने मांडून पाहिलं की पुढचं बोलणं सोपं होतं. मी विद्यार्थ्यांना हे कॉम्प्युटरवर करू देत नाही. पाचवी ओळ लिहिताना हात जो थबकतो, तो थबकायलाच हवा.

आता हे का होतं? पहिल्या नियमात क्ष लगेच कमी झाला नाही, आधी १ वरून २.५ वर चढला, हे सुटलं असेल तर पुन्हा वर जाऊन बघा. तो जो मधला उंचवटा आहे, त्यातच सगळं आहे. आयगेनमूल्यं शेवटी काय होणार ते सांगतात, वाटेत काय होतं ते सांगत नाहीत. पहिला नियम क्षला उंचवट्यावर नेतो, आणि तो खाली उतरायच्या आत आपण दुसऱ्या नियमाच्या हाती देतो. दुसरा नियम तो फुगलेला क्ष उचलून यमध्ये ओततो. मग य फुगतो, तोवर पुन्हा पहिला नियम. प्रत्येकाला आपलं काम पुरं करायला वेळच मिळत नाही, आणि दोघंही एकमेकांचं अर्धवट काम पुढे ढकलतात.

हेच मोजपट्टीच्या भाषेत सांगितलं तर जास्त उपयोगी पडतं. पहिल्या नियमाला मोजायची एक पट्टी अशी घ्या: क्ष अधिक यची आठपट. या पट्टीवर (१, १) म्हणजे ९. एका पायरीनंतर ६.५, मग ४.२५, मग २.६२५. दर पायरीला किमान चौथा हिस्सा उतरतो, एकदाही चढत नाही. उंचवटा गायब. दुसऱ्या नियमाची पट्टी उलटी: क्षची आठपट अधिक य. तिच्यावर दुसरा नियम असाच उतरत जातो. अलेक्सांद्र ल्यापुनोव्ह यांनी १८९२ च्या आपल्या प्रबंधात दिलेली कल्पना मुळात हीच. अशी एक राशी शोधा, जी गतीबरोबर सतत कमी होते. ती सापडली की समीकरण न सोडवताही स्थिरता सिद्ध होते.

पण आता अदलाबदलीच्या क्षणी दोन्ही पट्ट्या एकाच बिंदूला लावून बघा. पहिल्या पायरीनंतर आपण (२.५, ०.५) वर आहोत. पहिली पट्टी समाधानाने ६.५ म्हणते. दुसरी पट्टी त्याच बिंदूला २०.५ म्हणते. बिंदू जागचा हललेला नाही, फक्त मोजणारा बदलला, आणि दुसऱ्या नियमाच्या माथी तिप्पट कर्ज आलं. तो ते १५.२५ वर आणतो, म्हणजे आपलं काम चोख करतो. तेवढ्यात पुन्हा पहिल्याची पाळी, आणि पहिली पट्टी म्हणते ४३.२५. यात कुणीच खोटं बोलत नाहीये. मला या विषयाचं वेड लागलं ते या चार आकड्यांमुळे.

यावर दोन मार्ग निघतात.

एक म्हणजे दोघांना चालेल अशी एकच पट्टी शोधायची. ती मिळाली तर हवी तेव्हा, हवी तितक्या वेळा अदलाबदल करा, काही बिघडत नाही. आपल्या उदाहरणात अशी पट्टी असूच शकत नाही, कारण असती तर आकडे वाढलेच नसते. कधी ती नक्की असते? नियमांचा क्रम बदलून फरक पडत नसेल, तर असते. आधी पहिला मग दुसरा, की आधी दुसरा मग पहिला, उत्तर एकच येत असेल, तर कितीही गुंतागुंतीच्या अदलाबदलीतले सगळे पहिले नियम एका बाजूला आणि सगळे दुसरे एका बाजूला गोळा करता येतात, आणि मग दोघंही निवांत विझतात. नरेंद्र आणि बालकृष्णन यांनी १९९४ मध्ये अशा क्रमनिरपेक्ष प्रणालींसाठी सामाईक पट्टी प्रत्यक्ष बांधून दाखवली.

दुसरा मार्ग थांबण्याचा. एका नियमात गेलात की त्याला काही पायऱ्या द्या, उंचवटा उतरू द्या, मगच बदला. आपल्याच उदाहरणात दोन-दोन पायऱ्या देऊन बघा, तरी वाढ होते. तीन-तीन, तरी वाढ. चार-चार पायऱ्यांना वाढ अगदी किंचित उरते, दर आठ पायऱ्यांना टक्क्यापेक्षाही कमी, पण उरते. पाच पायऱ्या दिल्या की चित्र पालटतं. प्रत्येक वेळी किमान पाच पायऱ्या थांबायचं एवढं पाळलं, मग पाच थांबा, सात थांबा, कधी वीस, सगळं शून्याकडेच जातं. चार आणि पाच यांच्यामध्ये ही सीमा आहे, आणि दोन्ही नियमांकडे वेगवेगळं कितीही निरखून पाहिलं तरी ती दिसत नाही.

हाच हिशेब मोजपट्ट्यांवरून केला तर उत्तर ८ येतं. पट्टी बदलताना आकडा जास्तीत जास्त आठपट होऊ शकतो, आणि दर पायरीला तीन-चतुर्थांश उरतो, तर आठपट भरून यायला आठ पायऱ्या लागतात. म्हणजे सिद्धता जरा जास्तच सावध आहे. यावर लोक नाराज होतात. मी होत नाही. खऱ्या यंत्रात नेमकं ५ काढायला लागणारी माहिती क्वचितच हाती असते, आणि ८ हे उत्तर पेन्सिलीने निघतं.

या किमान थांबण्याच्या वेळेचा विचार मोर्स यांनी १९९६ मध्ये कंट्रोलच्या संदर्भात मांडला, आणि १९९९ मध्ये हेस्पान्या आणि मोर्स यांनी तो सैल केला. प्रत्येक वेळी थांबलंच पाहिजे असं नाही, सरासरी थांबणं पुरेसं असलं की झालं. मधूनच घाईघाईने तीन-चारदा बदलावं लागलं तर लागू दे, पुढे तेवढी उसंत मिळाली पाहिजे. प्रत्यक्षात याला फार किंमत आहे. आणीबाणीत ताबा सोडायचा असेल तेव्हा "अजून तीन पायऱ्या थांबा" असं यंत्राला सांगता येत नाही.

इथे कुणीतरी हमखास विचारतं, मग अदलाबदल वाईटच का? मुळीच नाही. उलटं उदाहरण तर आणखी सोपं आहे. एक नियम क्ष दुप्पट करतो आणि य पाव करतो. दुसरा क्ष पाव करतो आणि य दुप्पट. एकटे घेतले तर दोन्ही अस्थिर. आलटून-पालटून लावा: (८, ८), मग (१६, २), मग (४, ४). दर दोन पायऱ्यांना सगळं अर्धं. कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांमध्ये, म्हणजे कण-त्वरकांमध्ये, हेच तत्त्व वापरतात. चार ध्रुवांचा चुंबक कणांच्या झोताला एका दिशेत आत ओढतो आणि तिच्या काटकोनात बाहेर ढकलतो. एकट्या चुंबकाने झोत फिस्कटणारच. पण चुंबक आळीपाळीने वळवून बसवले की झोत दोन्ही दिशांत आवळलेला राहतो, कारण बाहेर ढकलणाऱ्या चुंबकापाशी कण पोहोचतो तेव्हा तो मध्याजवळ असतो, आणि मध्याजवळ ढकलणं कमजोर असतं. १९५२ मध्ये कूरांट, लिव्हिंगस्टन आणि स्नायडर यांनी ब्रुकहेव्हन या अमेरिकी प्रयोगशाळेतून हे मांडलं. निकोलस ख्रिस्तोफिलोस या ग्रीक इंजिनिअरला ते आधीच सुचलं होतं. लिफ्टचं काम सांभाळून त्याने १९५० मध्ये पेटंटसाठी अर्जही केला होता. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेचा प्रोटॉन सिंक्रोट्रॉन हा त्वरक १९५९ मध्ये सुरू झाला तो याच तत्त्वावर.

"मग एखादा प्रोग्रॅम नाही का, ज्यात दोन मॅट्रिक्स टाकल्या की हो किंवा नाही सांगेल?" हाही ठरलेला प्रश्न. (मॅट्रिक्स म्हणजे नियमातल्या आकड्यांचा तक्ता.) सगळ्यात वाईट अदलाबदलीत वाढीचा दर किती, हे मोजायची राशी रोटा आणि स्ट्रँग यांनी १९६० मध्येच सांगितली. पण ती काढणं भलतंच अवघड. ब्लाँडेल आणि त्सित्सिक्लिस यांनी २००० मध्ये सिद्ध केलं, की दोन मॅट्रिक्सचे सगळे संभाव्य गुणाकार (म्हणजे दोन नियम कुठल्याही क्रमाने लावले तर येणारे निकाल) मर्यादेत राहतात का, हे प्रत्येक जोडीसाठी बिनचूक ठरवणारी रीत असूच शकत नाही. म्हणजे सापडलेली नाही असं नव्हे, असणारच नाही. तुमच्या जोडीबद्दल मात्र बरंच सांगता येतं. सामाईक पट्टी सापडली, तर प्रश्न मिटला. वाढणारा एखादा क्रम सापडला, तरी मिटला. दोन्ही बाजूंनी शोध घ्यायचा. बहुतेक जोड्या यातल्या एका जाळ्यात अडकतात.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय हे उत्तर कोरडं राहतं. एक जड यांत्रिक हात होता. लांबून झपकन आणायला एक कडक कंट्रोलर, आणि जागेजवळ आला की नाजूकपणे बसवायला एक मऊ. ठरलेल्या जागेपासूनचं अंतर बघून ताबा बदलायचा. सेन्सरच्या गोंगाटामुळे सीमेवर ताबा सारखा इकडून तिकडे व्हायला लागला. पॅनेलमधली रिले, म्हणजे ताबा बदलणारा विजेचा स्विच, टिकटिक टिकटिक वाजत राहायची. सगळे करतात तेच आम्ही केलं, सीमा दोन केल्या: आत येताना जवळची, बाहेर जाताना लांबची. टिकटिक थांबली. आणि हात जागेभोवती डुलायला लागला. एका मापाचे हेलकावे, विझायचं नाव नाही.

दोन दिवस मी कंट्रोलरच तपासत बसले. मग मोजपट्टी आठवली. हात बाहेर जाताना लांबच्या सीमेपर्यंत मऊ कंट्रोलर असतो, म्हणजे अडवणारी ओढ कमी. आत येताना जवळच्या सीमेपर्यंत कडक असतो, म्हणजे खेचणारी ओढ जास्त. दोन सीमांच्या मधल्या पट्ट्यात हाताला जाताना कमी द्यावं लागतं आणि येताना जास्त मिळतं. प्रत्येक झोक्याला आम्हीच त्याला ऊर्जा भरत होतो, घर्षण जेवढी खाईल तेवढीच. तो डुलत होता तो आमच्याच उपायाने. आणि चाचण्यांत हे दिसलं नव्हतं, कारण प्रत्येक कंट्रोलरची चाचणी हात स्थिर ठेवून सुरू व्हायची. ताबा मिळताना हाताला वेग असतो, याची चाचणीच आम्ही घेतली नव्हती.

उपाय दोन ओळींचा निघाला. नुसतं अंतर न बघता अंतर आणि वेग मिळून मऊ कंट्रोलरच्या दृष्टीने ऊर्जा किती, ते काढायचं. आणि ती इतकी कमी असेल, की मऊ कंट्रोलरच्या हाती हात लांबच्या सीमेपर्यंत पोहोचूच शकणार नाही, तेव्हाच ताबा द्यायचा. आलेखावर हे एक लंबवर्तुळ असतं, सीमेच्या पूर्ण आत मावणारं. त्यात शिरलेला हात आपणहून बाहेर पडत नाही.

बदल केला, हात लांब नेला आणि सोडला. तो झपकन आला, जागा ओलांडून थोडा पुढे गेला, वळला. रिले एकदा वाजली. आम्ही तिघंही पॅनेलकडे कान लावून उभे होतो. दुसरी टिक आली नाही.