ओला कापूस आणि पीएचपी

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या आमच्या कास्तकार गटाच्या वेबसाइटवर ओल्या कापसाच्या काही नोंदी वेगळ्या निघतच नव्हत्या. दुपारभर तेच शोधत बसलो, त्यात दोनदा लाईन गेली. शेवटी सापडलं. शेऱ्यात "ओला" शब्द कितव्या जागी आहे हे पीएचपीतलं स्ट्रपॉस हे फंक्शन सांगतं, मोजणी 0 पासून; शब्द नसला तर उत्तर फॉल्स. पण शब्द अगदी सुरुवातीलाच असला तर उत्तर येतं 0, आणि अट तपासणाऱ्या इफच्या लेखी 0 म्हणजे "नाही". त्यामुळे "थोडा ओला" सापडायचा अन् "ओला कापूस" सुटायचा! फॉल्सशी तीन बरोबरची चिन्हं टाकून तुलना केली, म्हणजे 0 आणि फॉल्स वेगळे धरले जातात; झालं काम. 2020 च्या पीएचपी 8 मध्ये यासाठी, शब्द आहे की नाही एवढंच सांगणारं, सरळ स्ट्र-कंटेन्स आलंय, आमच्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर, मात्र अजून 7.4 आहे.

राग येतो. स्ट्रपॉसला शोधायचा शब्द नंतर द्यायचा, यादीत शोधणाऱ्या इन-ॲरेला आधी. इतकी वर्षं झाली तरी दरवेळी पाहावं लागतं.

तरी मी ही भाषा सोडणार नाही. स्वस्तातल्या होस्टिंगवर फाइल चढवली की साइट चालू. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात, मोबाइलच्या नेटवर काम करणाऱ्याला याची किंमत कळते.

संध्याकाळी काकांनी फोनवर आपली नोंद शोधली. "दिसली गा," म्हणाले.