हिरव्या वायरचा तुकडा

"पायरीवर पाय ठेवू नकोस, पायाला मुंग्या येतात," आजी ट्रेलरच्या दारातूनच म्हणाल्या. कुंड्यांना नुकतंच पाणी घातलेलं, खालची माती ओली, आणि त्या स्वतः रबरी चपला घालून उभ्या.

ॲरिझोनात आय-१० हायवेपासून थोडं आत ट्रेलर आणि मोटरहोम उभे करायचा हा कॅम्प. थंडीत कॅनडातून आणि उत्तरेकडच्या राज्यांतून म्हातारी जोडपी चाकांवरचं घर ओढत इथे येतात आणि महिनोन्‌महिने राहतात. प्रत्येक जागेपाशी कमरेएवढी पेटी, तिच्यात २०, ३० आणि ५० अँपिअरची सॉकेटं, प्रत्येकाला वेगळा ब्रेकर.

मी इलेक्ट्रिशियन. मला बोलावलं होतं ते या आजींच्या १४ नंबरवर टीव्ही आणि मायक्रोवेव्ह जळाले म्हणून. "पण ते मागच्या आठवड्यात. आमच्या माणसाने केलंय ठीक, तुम्ही फक्त नजर टाका," असं मॅनेजर म्हणाला. मुंग्यांचं काही बोलला नाही.

५० अँपिअरच्या सॉकेटला इथे चार वायरी असतात: दोन फेज, न्यूट्रल, अर्थ. दोन फेजमध्ये २४० व्होल्ट, कुठल्याही फेजपासून न्यूट्रलला १२०. मीटर लावला. २४० बरोबर होते, पण एकीकडे १३१ आणि दुसरीकडे १०९. मग मीटरचं एक टोक ट्रेलरच्या पायरीला आणि दुसरं ओल्या मातीत खोचलेल्या स्क्रूड्रायव्हरला लावलं. ११ व्होल्ट. म्हणजे न्यूट्रल जेवढा सरकला होता, तेवढंच व्होल्टेज गाडीच्या अंगावर.

पेटी उघडली. ब्लॅक विडो या विषारी कोळ्यांना या पेट्या फार आवडतात, तेव्हा आधी काडी फिरवायची आणि मग हात घालायचा. आत न्यूट्रलच्या पट्टीवरून अर्थच्या पट्टीवर वीतभर हिरव्या वायरची जोड मारलेली. अर्थच्या वायरवर करंट मोजणारा क्लॅम्प मीटर धरला. शून्य हवं तिथे १७ अँपिअर!

ही जोड मी ओळखणारच. आयटीआय करून भुसावळला वायरमनकी करायचो, तेव्हा घराला अर्थिंग नसलं की सॉकेटच्या मागे मीही असाच तुकडा मारून मोकळा व्हायचो. टेस्टर दाखवायचो, गिऱ्हाईक खूश. पुढे कधी मागचा न्यूट्रल सुटला तर त्या घरातल्या फ्रिजच्या दांडीला फेज येणार, हे मला इथे अप्रेंटिस झाल्यावर नीट कळलं. इथे तर हाताची सवयही मोडावी लागली. तिकडे काळी वायर न्यूट्रल, इथे काळी म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल.

झालं काय होतं, ते आता उघड होतं. ११ ते १६ नंबरच्या पेट्या एकाच लाइनवर, एकीतून दुसरीत अशा जोडलेल्या. अलीकडे कुठेतरी न्यूट्रल ढिला झाला, व्होल्टेज झुललं, टीव्ही गेला. त्यांच्या माणसाने तुकडा मारला, करंटला अर्थमधून परतीची वाट मिळाली, व्होल्टेज बऱ्यापैकी बसलं. आणि ट्रेलरचा पत्रा त्या वाटेत आला.

तुकडा तिथल्या तिथे कापावासा वाटला. पण सध्या न्यूट्रल त्याच्याच जिवावर होता. चालू लाइनवर कापला असता तर तीन-चार घरांतली उपकरणं पेटली असती. आधी अख्खी रांग बंद करायला हवी होती.

दारं ठोठावत निघालो. १५ नंबरचे आजोबा ऑक्सिजनच्या मशीनवर. आजीबाईंनी कपाटातून सिलिंडर काढला, नळी बदलली, काटा बघितला आणि मला मान डोलावून खूण केली. मगच मेन पॅनलकडे गेलो. '११–१६' लिहिलेला ब्रेकर पाडला, परत येऊन मीटर लावला, तर लाइन जिवंत! तो ब्रेकर निघाला न्हाणीघराचा, आतून कुणीतरी ओरडलंही. खरा ब्रेकर सापडला, त्याला कुलूप घातलं आणि पुन्हा तपासलं.

१२ नंबरच्या पेटीत न्यूट्रलची ॲल्युमिनिअमची केबल बोटाने हलत होती. पांढरं इन्शुलेशन भाजून चहासारखं झालेलं. शेजारचा अर्थचा स्क्रूही ढिलाच. ट्रेलरमधला एसी, मायक्रोवेव्ह, जवळजवळ सगळं १२० वर चालतं, त्यामुळे दोन फेजवरच्या लोडमधला फरक सतत न्यूट्रलमधून वाहतो. त्यात वाळवंटातलं ऊन. ॲल्युमिनिअम तापून फुगतं, गार होऊन आकसतं. जळका भाग कापला, तारा ब्रशने घासल्या, पेस्ट लावली आणि टॉर्क रेंचने, म्हणजे आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने, लेबलवरच्या आकड्याएवढं आवळलं. अर्थचंही तसंच. मग हिरवा तुकडा काढला.

लाइन सोडली. १२१ आणि १२०. पायरी ते माती, जवळजवळ शून्य. अर्थच्या वायरवर शून्य. १४ नंबरच्या आजींनी चपला काढल्या. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्या पायरीवर अनवाणी उभ्या होत्या.

तुकडा घेऊन ऑफिसात गेलो आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. "असे अजून किती आहेत?"

त्याने त्या माणसाला फोन लावला. स्पीकरवर उत्तर आलं, "सहा-सात असतील. कुठल्या पेट्यांत, ते नाही आठवत."

मी पुन्हा १ नंबरपासून सुरुवात केली.