क्राउनची बेअरिंग घरी बदलताना

साठच्या पुढे वेग गेला की माझ्या जुन्या गाडीच्या मागून घरघर यायची. ॲक्सिलरेटर दाबला काय, सोडला काय, आवाज तोच. वळणावरही बदलत नव्हता, म्हणून चाकांच्या बेअरिंगवरचा संशय गेला. डिफरन्शियलचं, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या गोळ्याचं, ऑइल काढलं, तर ड्रेन प्लगच्या चुंबकावर अभ्रकासारखे चकाकणारे पापुद्रे. क्राउनच्या, म्हणजे त्यातल्या मोठ्या दातेरी चक्राच्या, दोन्ही बाजूंची टेपर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग गेली होती.

दोन्ही ॲक्सल ओढून, प्रोपेलर शाफ्ट सोडवून अख्खा गोळा टेबलावर घेतला. तो फार जड असतो, एकट्याने उचलू नये. खोलण्याआधी बेअरिंगच्या कॅपवर आणि शेजारी हाऊसिंगवर पंचाने खुणा केल्या, डावीकडे एक ठिपका, उजवीकडे दोन. कॅप जागेवर आवळूनच तो गाळा बोअर केलेला असतो, त्यामुळे त्यांची अदलाबदल चालत नाही. जुन्या रेसवर, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या कडीवर, नख फिरवलं तर खड्ड्यात अडकत होतं. पिनियन, म्हणजे क्राउनला फिरवणारा छोटा गिअर, मात्र हाताला गुळगुळीत फिरत होता, प्ले (ढिलेपणा) ही नव्हता. त्याला मी हात लावला नाही.

नवी बेअरिंग तेलात शंभर अंशांच्या आसपास तापवली, अलगद बसली. चूक पुढे झाली. जुन्या शिम, म्हणजे क्राउनची जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या, जशाच्या तशा परत घातल्या. नव्या बेअरिंगची उंची जुन्यापेक्षा किंचित वेगळी होती आणि ती मी मायक्रोमीटरने मोजलीच नव्हती. डायल गेज लावला तर बॅकलॅश, म्हणजे क्राउन आणि पिनियनच्या दातांमधली मोकळी फट, जेमतेम ०.०५ मिमी. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ०.१३ ते ०.१८. दातांना निळा रंग लावून क्राउन फिरवला, तर ठसा दाताच्या आतल्या, अरुंद टोकाला गोळा झालेला. क्राउन पिनियनला फार खेटला होता.

शिम बेअरिंगच्या मागे असते, म्हणजे नवी बेअरिंग पुन्हा उपसणं आलं. पुलरचे पंजे पिंजऱ्यात अडकवले तर नवं बेअरिंग तिथंच खलास. त्यामुळे दोन फाळ्यांचा पुलर कोनच्या (बेअरिंगच्या आतल्या कडीच्या) खाली सरकवून थोडं थोडं ओढलं. त्या अर्ध्या तासात मी श्वास रोखूनच होतो. शिम ०.१० मिमीने हलवली की बॅकलॅश साधारण ०.०७ ने बदलतो. त्या हिशेबाने क्राउनच्या बाजूची ०.१५ काढून समोरच्या बाजूला घातली. एकूण जाडी तीच ठेवली, नाहीतर बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला ठरावीक दाब) बिघडला असता. कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळून चार जागी मोजलं, सगळीकडे ०.१५ च्या आगेमागे. ठसाही दाताच्या मधोमध, लांबट आणि स्वच्छ उमटला. तो बघून इतका आनंद झाला की रंग पुसायच्या आधी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

नवं गॅस्केट, नव्वदचं हायपॉइड ऑइल आणि गाडी रस्त्यावर. साठ गेले, सत्तर गेले, मागून फक्त टायरचा आवाज. पाचशे किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा काढलं. चुंबकावर बोटाला लागेल एवढा राखाडी लेप होता, पापुद्रा एकही नाही.